बॅटरीत किती उरले? गोठलेल्या सरोवरावरचा प्रश्न आणि त्याचा दोनशे वर्षांचा इतिहास

१.
अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात जानेवारीच्या आरंभी रात्र सुमारे १५ तासांची असते आणि पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत सहज उतरतो. तेथील मिल लॅक्स हे ५०० चौरस किलोमीटरहून मोठे सरोवर त्या काळात गोठून कठीण झालेले असते आणि त्यावर मासेमारीची हजारो छोटी घरे उभी राहतात. घराच्या तळाला भोक, त्याखाली बर्फात पाडलेले छिद्र आणि त्या छिद्रातून पाण्यात सोडलेला गळ. घरातली ऊब, उजेड आणि विषारी वायूची सूचना देणारी घंटा ही तिन्ही बहुधा एकाच बॅटरीवर अवलंबून असतात. ती पहाटेपर्यंत पुरेल का, हे आधी कळणार कसे? हा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाचा आहे.

२.
बर्फाखालचे मासे पकडण्याची कला विजेपेक्षा कितीतरी जुनी. या प्रदेशातील ओजिब्वे लोक बर्फाला छिद्र पाडून, अंगावर पांघरूण किंवा कातड्याचे आच्छादन घेऊन त्यावर पालथे पडत. आत अंधार झाला की बर्फातून झिरपणाऱ्या उजेडाने खालचे पाणी उजळलेले दिसे. लाकडात कोरलेला खोटा मासा दोरीने हालवून खऱ्या माशाला जवळ आणायचे आणि भाल्याने टिपायचे, अशी ती रीत. आजही मिनेसोटात भाल्याने मासे मारण्यासाठी खिडकी नसलेली ‘अंधारी घरे’ बांधतात. या पद्धतीला दिवा लागत नाही. उलट अंधार हेच तिचे साधन.

३.
पुढे गळाने मासे धरणाऱ्यांनी लाकडी झोपड्या बर्फावर ओढून नेल्या. त्यांत लाकडाची शेगडी आणि रॉकेलचा कंदील असे. विजेची खरी गरज निर्माण झाली ती मासा शोधण्याच्या यंत्रामुळे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लोरन्स कंपनीने ट्रान्झिस्टरवर चालणारे, उचलून नेता येणारे ध्वनिशोधक यंत्र बाजारात आणले. पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून खोली आणि मासा ओळखणारे हे यंत्र बॅटरीवर चाले. त्यामागोमाग पाण्याखालचे कॅमेरे आले, दिवे आले. अखेरीस चाकांवरची अख्खी घरेच आली. ती मोटारीने बर्फावर न्यायची, चाके वर घेऊन तळ बर्फावर टेकवायचा आणि आत दिवसचे दिवस राहायचे.

४.
अशा घरात ऊब देणारा हीटर प्रोपेन वायूवर चालतो. पण अनेक हीटरांत गरम हवा फिरवणारा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर असतो. या पंख्याच्या वाटेत हवेच्या झोताने हलणारी एक पातळ पट्टी बसवलेली असते. झोत पुरेसा असेल तरच ती पट्टी कळ दाबते आणि मगच वायू पेटतो. सुरक्षिततेसाठी ही योजना उत्तम. मात्र बॅटरी उतरली की पंखा मंदावतो, पट्टी हलत नाही आणि टाकी वायूने भरलेली असूनही हीटर पेटत नाही. बाहेर उणे २० अंश तापमान असताना हे बहुधा पहाटेच्या सुमारास घडते. कारण पंख्याने रात्रभर बॅटरी वापरलेली असते आणि गारठाही त्या सुमारास तीव्र असतो.

५.
याहून गंभीर बाब वेगळीच. हीटर बंद पडल्यावर माणसे ऊब मिळवण्यासाठी धूर बाहेर न सोडणारी उघडी शेगडी पेटवतात. बंद घरात अपुऱ्या प्राणवायूत जळणाऱ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याची सूचना देणारी घंटा त्याच उतरलेल्या बॅटरीला जोडलेली असेल, तर ती मुकीच राहते. म्हणून बर्फावरच्या घरात बॅटरीत किती साठा उरला आहे, ही चौकशी यंत्रांची हौस असणाऱ्यांपुरती मर्यादित राहत नाही. ती जिवाशी निगडित होते.

६.
कंदिलात रॉकेल किती आहे, हे तो हालवून कळते. सरपणाची रास डोळ्यांना दिसते. बॅटरीचे तसे नाही. २० मार्च १८०० रोजी अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून जस्त, चांदी आणि खारे पाणी यांच्या चकत्यांची चळत कशी वीज देते, हे कळवले. आधुनिक बॅटरीची कथा तेथून सुरू होते. बंद बॅटरी भरलेली असो वा रिकामी, तिचे वजन तेच राहते आणि आकारही तोच. आतल्या पदार्थांची केवळ रासायनिक रूपे बदलतात. त्यामुळे साठा थेट मोजण्याचा मार्ग नाही. त्याच्या एखाद्या परिणामावरून तो ताडावा लागतो. पुढचा सारा इतिहास हा असे परिणाम शोधण्याचा आहे.

७.
पहिला मोठा आधार मायकेल फॅरडे यांनी दिला. १८३३-३४ च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की द्रावणातून जितकी वीज वाहते, तितक्याच प्रमाणात पदार्थाचे विघटन होते. म्हणजे पाण्यातून निघालेला वायू किंवा पट्टीवर चढलेला धातू मोजला की वाहून गेलेल्या विजेचा हिशेब लागतो. अशा मापनासाठी त्यांनी उपकरणही बनवले. विजेचे मोजमाप वजनाच्या तराजूवर आणणारी ही कल्पना होती. किती वीज आली आणि किती गेली याची वही ठेवली तर शिल्लक कळेल, हा विचार येथे बीजरूपाने सापडतो. मात्र तो बॅटरीवर नित्य वापरण्याजोगा होण्यास बराच काळ जायचा होता.

८.
फॅरडे यांच्या नियमाचा व्यापारी उपयोग थॉमस एडिसन यांनी केला. सप्टेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट येथे त्यांचे वीजकेंद्र सुरू झाले. ग्राहकाने किती वीज वापरली, हे ठरवण्यासाठी त्यांनी रासायनिक मीटर वापरला. जस्ताच्या द्रावणात बुडवलेल्या जस्ताच्या पट्ट्या ठरावीक काळाने काढून त्यांचे वजन करायचे आणि त्यावरून बिल काढायचे. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात मात्र हे द्रावण गोठण्याची भीती होती. त्यावर उपाय म्हणून मीटरच्या पेटीतच एक दिवा बसवला गेला. गारठा वाढला की धातूची पट्टी वाकून त्या दिव्याचे मंडल जोडी आणि दिव्याच्या उष्णतेने द्रावण पातळ राही. विजेचा हिशेब ठेवणाऱ्याला थंडीशी झगडावे लागते, याचे हे आरंभीचे उदाहरण.

९.
दरम्यान पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी जन्माला आली होती. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते यांनी शिशाचे दोन पत्रे रबराच्या पट्ट्यांनी वेगळे ठेवून गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवले. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी शिशाच्या पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन तिची क्षमता पुष्कळ वाढवली. त्याच वर्षी फोर यांच्या घटांची एक पेटी पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्याकडे पाठवण्यात आली. तिच्यात सुमारे १० लाख फूट-पौंड ऊर्जा असल्याची वार्ता गाजली. आजच्या मापात ती एका युनिटच्या ४० टक्क्यांहूनही कमी भरते. ‘या पेटीत वीज किती?’ हा प्रश्न तेव्हा वर्तमानपत्रांत चर्चेचा झाला होता.

१०.
या बॅटरीचे गूढ १८८२ मध्ये बऱ्याच अंशी उकलले. जॉन हॉल ग्लॅडस्टोन आणि आल्फ्रेड ट्राइब या रसायनशास्त्रज्ञांनी मांडले की बॅटरी उतरताना तिच्या दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते. त्यासाठी लागणारे गंधकाम्ल द्रवातूनच घेतले जाते आणि मागे पाणी उरते. बॅटरी भरताना हीच क्रिया उलट होते. याचा व्यावहारिक अर्थ मोठा होता. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील द्रवाची सापेक्ष घनता सुमारे १.२६५ असते, उतरलेल्या बॅटरीत ती १.१२ च्या आसपास येते. साठा अदृश्य असला तरी त्याची खूण आता द्रवात सापडली.

११.
घनता मोजण्याचे साधन तर प्राचीन काळापासून हाताशी होते. इसवी सन ४०० च्या सुमारास सिनेसियस नावाच्या विद्वानाने अलेक्झांड्रियातील गणितज्ञ हायपेशिया हिला पत्र लिहून एक ‘जलदर्शक’ बनवून मागितला होता. त्याचे वर्णन आजच्या हायड्रोमीटरशी जुळते: पाण्यात उभी तरंगणारी, खुणा केलेली नळी. द्रव जड असेल तर ती वर राहते, हलका असेल तर खोल बुडते. जवळपास १५०० वर्षांनंतर तीच नळी बॅटरीवाल्यांच्या हाती आली. लोडशेडिंगच्या काळात महाराष्ट्रातील ज्या घरांनी इन्व्हर्टर घेतले, त्यांच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला येणाऱ्या मिस्त्रीच्या हातात रबरी फुगा लावलेली जी काचेची नळी दिसे, ती याच कुळातली.

१२.
हायड्रोमीटरवर किती भिस्त ठेवली जाई, याचे उत्तम उदाहरण पाणबुडीचे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी पाणबुड्यांत प्रत्येकी १२६ घटांच्या दोन बॅटऱ्या असत. पाण्याखाली असताना जहाजाचा प्राण या २५२ घटांत असे. सर्व घट वारंवार तपासणे अशक्य, म्हणून काही घट प्रतिनिधी मानून त्यांच्या द्रवाची घनता नियमित नोंदवली जाई. अतिमंद गतीने चालल्यास पाणबुडी सुमारे ४८ तास पाण्याखाली राहू शके. पूर्ण वेगाने पळाल्यास हाच साठा तासाभरात संपे. कप्तानाचा पुढचा निर्णय त्या नळीवरच्या आकड्यावर ठरे.

१३.
वेग वाढला की साठा इतक्या झपाट्याने का संपतो? याचे एक कारण पाण्याचा वाढता विरोध. दुसरे कारण बॅटरीच्या स्वभावात आहे. १८९७ मध्ये जर्मनीचे विल्हेल्म पॉइकर्ट यांनी शिशाच्या बॅटरीबाबत नियम मांडला: वीज जितक्या जोराने ओढाल, तितकी एकूण कमी मिळेल. समजा, १०० अँपिअर-तासांची बॅटरी ५ अँपिअर दराने २० तास चालते. तिच्यातून २५ अँपिअर ओढले तर साध्या भागाकाराने ४ तास मिळायला हवेत. प्रत्यक्षात सुमारे ३ तासच मिळतात. म्हणजे बॅटरीत किती आहे, या प्रश्नाचे उत्तर ती कशी वापरणार यावरही अवलंबून असते. टाकीतल्या पाण्याची उपमा येथे पूर्णपणे लंगडी पडते.

१४.
आता हीच साधने गोठलेल्या सरोवरावर नेऊन पाहावीत. थंडीत द्रव आकसतो, म्हणून त्याची घनता वाढते. हायड्रोमीटरच्या खुणा सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानासाठी आखलेल्या असतात. उणे १८ अंशांवर द्रवाचे वाचन सुमारे ०.०३२ ने जास्त येते. भरलेल्या आणि रिकाम्या बॅटरीतील सगळे अंतरच सुमारे ०.१४५ असल्याने ही चूक एक पंचमांशाहून मोठी होते. तापमानाची वजाबाकी न करणाऱ्याला अर्धी बॅटरी ७० टक्के भरल्यासारखी दिसते. बर्फावर हायड्रोमीटर खोटे बोलतो आणि तेही दिलासा देणाऱ्या बाजूने.

१५.
या चुकीची किंमत बॅटरीलाच मोजावी लागू शकते. भरलेल्या बॅटरीतील आम्ल सुमारे उणे ५७ अंशांपर्यंत गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत मात्र बहुतांश पाणीच उरते आणि ते सुमारे उणे १० अंशांनाच गोठू लागते. गोठताना द्रव प्रसरण पावतो, पट्ट्या वाकतात, पेटी तडकते. मिनेसोटाच्या जानेवारीत उणे १० हे तर सौम्य तापमान म्हणावे लागेल. साठा जसजसा कमी होतो, तसतशी थंडी सोसण्याची शक्तीही घटते. त्यामुळे साठ्याचा अंदाज चुकला की अंधार होतोच. शिवाय सकाळी बॅटरीही कायमची निकामी झालेली आढळू शकते.

१६.
दुसरी खूण होती विभवांतराची, म्हणजे व्होल्टेजची. एडवर्ड वेस्टन यांनी १८८८ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने नेमकी आणि हाताळण्यास सुटसुटीत मापके घडवली. व्होल्टमीटर त्यामुळे प्रयोगशाळेबाहेर पडला. १२ व्होल्टची म्हणवली जाणारी शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास विसावलेली असेल तर सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. अर्धी असेल तर १२.२ च्या आसपास, रिकामी असेल तर ११.९ च्या खाली. म्हणजे संपूर्ण साठ्याची कहाणी एका व्होल्टच्या आठ दशांशांत मावते. आणि अट ‘विसावलेली’ ही. हीटरचा पंखा, दिवे आणि ध्वनिशोधक चालू असताना बॅटरीला विसावा मिळतो कुठे?

१७.
तरीही कालांतराने व्होल्टमीटरवरच विसंबावे लागले, कारण बॅटरीच बदलली. १९५७ मध्ये जर्मनीत ऑटो याखे यांनी आम्ल घट्ट लगद्याच्या रूपात बांधून ठेवणारी बॅटरी तयार केली. १९७० च्या दशकात अमेरिकेत काचतंतूंच्या गादीत आम्ल शोषून ठेवणारी बंद बॅटरी आली. त्या सांडत नसत, पाणी मागत नसत, आडव्या ठेवल्या तरी चालत. बर्फावर मासे शोधणाऱ्या यंत्रांसोबत अशीच १२ व्होल्टची, ७ ते ९ अँपिअर-तासांची लहान बंद बॅटरी रूढ झाली. सोय वाढली, पण नळी बुडवायला जागा उरली नाही. ग्लॅडस्टोन आणि ट्राइब यांनी दाखवलेली खूण झाकणाआड गेली.

१८.
थंडी व्होल्टमीटरलाही फसवते, पण निराळ्या रीतीने. कमी तापमानाला बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि आतला विद्युतरोध वाढतो. शिशाची बॅटरी शून्य अंशाला आपल्या नेहमीच्या क्षमतेच्या सुमारे चार पंचमांश आणि उणे १८ अंशांना जवळपास निम्मीच देते. उरलेला साठा नष्ट झालेला नसतो. ऊब मिळाली की तो पुन्हा हाती येतो. विसावलेल्या अवस्थेत व्होल्टमीटर मात्र १२.६ किंवा १२.७ दाखवून ‘पूर्ण भरली’ असेच सांगतो. पंखा सुरू केला की काटा एकदम खाली येतो आणि ‘संपली’ असे वाटते. दोन्ही वाचने खरी असतात. त्यांवरून काढलेले दोन्ही निष्कर्ष चुकतात.

१९.
एका रात्रीचा हिशेब मांडला की हे स्पष्ट होते. पंख्याला ४ अँपिअर लागतात आणि तो निम्मा वेळ चालतो असे धरू, म्हणजे सरासरी २ अँपिअर. दिव्यांना १ अँपिअर आणि ध्वनिशोधकाला अर्धा. एकूण साडेतीन अँपिअर. १५ तासांच्या रात्रीत हे ५२ अँपिअर-तासांहून अधिक होतात. बॅटरीवर १०० अँपिअर-तास असे छापलेले असते, म्हणून मालक निश्चिंत असतो. पण ती घराबाहेर, ओढगाडीच्या दांडीवर, उणे १८ अंशांत ठेवलेली असेल तर तिच्यातून सुमारे ५० च मिळतात. सूर्योदयाच्या थोडे आधी हीटर थांबतो. संध्याकाळी काट्याने दाखवलेला आकडा बरोबर होता, छापील आकडाही बरोबर होता. घर तरीही गारठते.

२०.
यानंतर लिथियमचा काळ आला. १९९७ मध्ये अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी लोह-फॉस्फेटयुक्त पदार्थावर महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातून विकसित झालेल्या बॅटऱ्या शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी वजनाच्या आणि दीर्घायुषी ठरल्या. बर्फावर सामान ओढणाऱ्यांना त्या वरदानच वाटल्या. परंतु त्यांचा एक गुण मापनाच्या दृष्टीने अडचण ठरला. साठा ९० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आला तरी १२ व्होल्टच्या अशा बॅटरीचे विभवांतर जेमतेम तीन-चार दशांश व्होल्टने बदलते आणि मग अखेरीस एकाएकी कोसळते. हायड्रोमीटर आधीच बाद झाला होता. आता व्होल्टमीटरचीही नजर अधू झाली.

२१.
उपाय म्हणून जुनी वही पुन्हा उघडली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी विजेवर चालणाऱ्या मोटारींत अँपिअर-तास मोजणारी तबकडी बसवली जाई. बॅटरीतून गेलेली आणि परत आलेली वीज ती मोजत राही. आजच्या मापकाचे तत्त्व तेच. बॅटरीच्या तारेत अत्यल्प रोधाची धातूची पट्टी बसवतात. तिला शंट म्हणतात. एका प्रचलित प्रकारात ५०० अँपिअर वाहिले तर तिच्यावर केवळ ५० मिलिव्होल्ट पडतात. हा सूक्ष्म फरक क्षणोक्षणी मोजून त्याची काळाबरोबर बेरीज केली की शिल्लक निघते. फॅरडे आणि एडिसन यांनी धातू तोलून जे केले, ते आता एक चिप करते.

२२.
बेरजेच्या वहीला मात्र एक जन्मजात दोष असतो: लहान चूक रोज साचत जाते. मापकाने सतत ०.१ अँपिअरची चूक केली, तर दिवसाला २.४ आणि दहा दिवसांत २४ अँपिअर-तासांची तफावत पडते. म्हणून बॅटरी अधूनमधून पूर्ण भरून मापकाला ‘हे १०० टक्के’ असे नव्याने सांगावे लागते. सरोवरावर आठवडाभर मुक्काम करून सौर पट्टिकेवर किंवा लहान जनित्रावर बॅटरी अर्धीमुर्धीच भरणाऱ्यांच्या वाट्याला हा दोष हटकून येतो. शिवाय थंडीने क्षमता घटलेली असताना वही जुन्याच क्षमतेने टक्के काढत असेल, तर पडद्यावर ४० टक्के उरलेले असतानाही घर अंधारात जाऊ शकते.

२३.
दोन अपुऱ्या साक्षी मिळून एक बरे अनुमान कसे काढावे, याचे गणित रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडले होते. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांचे स्थान ठरवण्यासाठी ते वापरले गेले. यान कोठे असावे याचा अंदाज आणि यंत्रांनी दिलेले सदोष वाचन, या दोहोंचे वजन तोलून नवा अंदाज बांधायचा, हे त्याचे सार. २००४ मध्ये ग्रेगरी प्लेट यांनी हीच पद्धत बॅटरीतील साठा ताडण्यासाठी सविस्तर मांडली. बेरजेची वही, विभवांतर आणि तापमान या तिन्ही साक्षी तीत एकत्र येतात. मात्र बर्फावरच्या घरातील प्रत्येक स्वस्त मापकात हे गणित असतेच असे नाही.

२४.
लिथियमने थंडीचा एक नवा नियमही आणला. शून्य अंशाखाली अशी बॅटरी वीज देऊ शकते; पण तेव्हा ती भरू लागले तर लिथियम पट्टीच्या आत शिरण्याऐवजी तिच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते आणि बॅटरीची कायमची हानी होते. त्यामुळे तिच्यातील नियंत्रक मंडल गारठ्यात भरणे रोखते. जनित्र धडधडत असते, तारा जोडलेल्या असतात, तरी साठा वाढत नाही. ज्याने केवळ दिवा पेटलेला पाहिला, त्याला हे सकाळीच समजते. ज्याच्या मापकावर आत येणारे अँपिअर दिसतात, त्याला ते पहिल्याच मिनिटात समजते. म्हणून टक्क्यांच्या आकड्यापेक्षा अँपिअरचा आकडा अनेकदा अधिक प्रामाणिक असतो.

२५.
दोन शतकांच्या या प्रवासात प्रत्येक पिढीने साठ्याची एक नवी खूण शोधली आणि बॅटरी बदलताच ती खूण अपुरी पडली. कारण मोजायचा तो साठा कधीच दिसला नाही; दिसल्या त्या त्याच्या सावल्या. थंडी या सावल्या लांब-आखूड करते. म्हणूनच सरोवरावरचे जाणते लोक एका आकड्यावर विसंबत नाहीत. बॅटरी घराच्या आत, उबेत ठेवतात. रात्रीचा खर्च आधी मांडतात. छापील क्षमतेतून थंडीचा वाटा वजा करतात. कार्बन मोनॉक्साइडची घंटा तिच्या स्वतःच्या वेगळ्या सेलवर चालणारी निवडतात. पडद्यावरचे टक्के हे अनुमान आहे, हे ओळखून वागणे हाच या इतिहासाचा उपयोग.